करगोट्याचं माप

माझं वजन एकोणऐंशी किलो आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी अंदाज बांधत बसायला नको. उंची पाच फूट पाच इंच. दंड असे की तयार ब्लाउजची बाही कोपराच्या वर चढत नाही. कॉलेजात असताना मी गोळाफेकीत विद्यापीठाचा विक्रम केला आणि बरीच वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. शेवटी एका पोरीनं मोडला, तीसुद्धा मीच शिकवलेली, त्यामुळे तो विक्रम मी अजून आमच्याच घरचा धरते.

माझं नाव उज्ज्वला चौगुले. पंचगंगेच्या काठावर कुरणवाडी नावाचं आमचं गाव आहे, तिथल्या हायस्कुलात मी पीटीची बाई होते. होते म्हणायचं कारण ती कमान.

दोन हजार चाळीसच्या आसपास शाळा, बँका, दवाखाने, जिथंतिथं या कमानी उभ्या राहिल्या. कमानीखालून माणूस गेला की ती एका दमात त्याची उंची आणि वजन घेते, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागते आणि डोक्यावर दिवा लावते. त्या भागाकाराला सगळे देहांक म्हणतात. आकडा आटोक्यात असेल तर दिवा हिरवा, थोडा वर गेला तर पिवळा, फार वर गेला तर लाल. एवढंसं गणित, चौथीच्या पोराला जमेल असं. पण त्या दिव्यानं लोकांना वेड लावलं. विम्याचा हप्ता दिव्यावर ठरायला लागला, नोकरीची बढती दिव्यावर ठरायला लागली. लग्नाच्या पत्रिकेत रास, नाडी, गण यांच्याखाली देहांक छापून यायला लागला. मुलीकडचे विचारायचे, मुलगा हिरवा आहे ना? भाजी घ्यायला निघाल्यासारखे!

मी पहिल्या दिवसापासून लाल. एकोणतीस. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, की लाल शिक्षिका मैदानावर असली की मुलांसमोर चुकीचा आदर्श जातो. मला ग्रंथालय दिलं. तिथली लोखंडी कपाटं हलवायला दोन शिपाई लागायचे. मी ती एकटीनं सरकवून भिंतीला लावली आणि त्या दिवसापासून ग्रंथालयात उजेड यायला लागला. कमानीला त्याचं काही नव्हतं.

घरात हिरवा होता तो माझा धाकटा भाऊ, संग्राम. पुण्यात दिवसभर पडद्यासमोर बसून काम करायचा. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, देहांक बावीस. सुट्टीला आला की आई त्याला मुद्दाम बँकेच्या कमानीखालून न्यायची.

"बगितलंस?" मला म्हणायची. "माझा संग्राम कसा हिरवागार हाय!"

आमच्या आईचं नाव मालन. तीही हिरवीच. अंगानं काडी, दिवसभर गुऱ्हाळावर राबायची. आमच्या भागात बायका स्वतःबद्दलही आलो, गेलो असंच बोलतात, तशीच आईही बोलायची, आणि आवाजही तसाच, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जाईल असा.

एक जुनी गोष्ट इथंच सांगायला हवी. संग्राम तीन वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईनं जोतिबाला नवस केला, पोर वाचलं तर गूळतुला करीन. पोर वाचलं. देवळात मोठा तराजू टांगला, एका पारड्यात संग्रामला बसवलं, दुसऱ्यात आमच्या गुऱ्हाळाचा ताजा गूळ. पारडी बरोबरीला आली तसा हलगीवाल्यानं ताल धरला, आणि तो गूळ सगळ्या गावाला वाटला. मी सात वर्षांची होते. दोन्ही मुठींत गूळ धरून मी आईला विचारलं, "माझी कधी?"

आई हसली. "तुझी करायची म्हंजे गुऱ्हाळ रिकामं करावं लागंल गं बाई!"

सगळं देऊळ हसलं. मीही हसले. गूळ गोडच लागला. पण ती गोष्ट मी विसरले नाही, हे खरं आहे आणि ते लपवायचं मला काही कारण नाही.

आईचं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पाय सुजले, पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे झाले. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर तब्बसुम मुजावर होत्या. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आईंचं यकृत गेलंय. पूर्ण."

"पण दारूचा थेंब नाही हो घेतला तिनं कधी."

"दारू नाही, चरबी. वर्षानुवर्षं यकृतात चरबी साठत गेली आणि ते निबर होत गेलं."

मला हसूच आलं. "चरबी? तिच्या अंगावर? डॉक्टर, ती हिरवी आहे. लाल मी आहे."

"तेच तर झालं," डॉक्टर म्हणाल्या. "त्या हिरव्या होत्या, म्हणून इतकी वर्षं कुणी आत बघितलंच नाही."

मग त्यांनी मला समजावलं. देहांकाचं सूत्र काढलं दोनशे वर्षांपूर्वी बेल्जियमच्या एका गणितज्ञानं. त्याला माणसांच्या गर्दीची सरासरी हवी होती, एकेका माणसाची तब्येत नव्हे. पुढं निरोगी कोण याच्या रेषा आखल्या त्या बहुतेक युरोपी वंशाच्या लोकांना मोजून. पण वजनाचा आकडा हे सांगत नाही की त्या वजनात हाड किती, स्नायू किती आणि चरबी किती. चरबी मांडीवर आहे की पोटात, तेही सांगत नाही. पॅसिफिकमधल्या बेटांवर थोराड हाडापेराची माणसं असतात, त्यांच्या मोठ्या आकड्यात स्नायू जास्त असतो. आपल्याकडे उलटं. आपली बाळं जन्मतः वजनाला हलकी, पण त्या हलक्या अंगातही चरबी राखून असतात. पुण्याजवळच्या खेड्यांत बाळं मोजून हे फार पूर्वीच दाखवलं गेलं होतं. मोठेपणी तीच चरबी पोटात आणि यकृतात जाऊन बसते, आणि वरून माणूस काटकुळा दिसतो.

"मग आपल्यासाठी वेगळ्या रेषा आखायच्या की," मी म्हणाले.

"आखल्या ना. आपल्या रेषा खाली आणल्या. हिरवा पंचवीसऐवजी तेवीसलाच संपतो, लाल तिसाऐवजी साडेसत्तावीसला सुरू होतो. समाजासाठी ते बरोबरच आहे, खूप लोक वेळेवर सापडले त्यानं. पण खाटेवर समाज झोपत नाही, उज्ज्वलाताई. एक माणूस झोपतो."

उपाय होता. त्या दवाखान्यात नवं वाढपात्र आलं होतं. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या यकृताची लिंबाएवढी फोड काढायची, त्या काचेच्या पात्रात ठेवायची, आणि काही आठवड्यांत तिचं पुरं यकृत तयार होतं. देणाऱ्याचं काही जात नाही, त्याची जखम भरून येते. आईला हे कळेना. मी तिला सांगितलं, "विरजण गं. चमचाभर घालायचं, पातेलंभर दही."

"आन विरजान नासकं असलं तर?" आईनं लगेच विचारलं. जन्म दूधदुभत्यात गेलेला.

डॉक्टर गंभीर झाल्या. "तर सगळंच नासतं, मावशी. चरबीनं भरलेल्या पेशी पात्रात वाढत नाहीत, कुजतात. आणि पात्र एकच आहे. तुमची पाळी गेली तर पुढची येईपर्यंत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. आईला तेवढं पुरलं. मलाही.

देणारा कोण, हे डॉक्टर ठरवत नव्हत्या. ते 'निवड' नावाची यंत्रणा ठरवायची. तिच्याकडे सगळ्या नातेवाइकांचे देहांक. तिचा नियम सरळ होता. आत बघायचं यंत्र थोडं आणि रांग मोठी, म्हणून हिरव्याला तपासणीशिवाय आत घ्यायचं, पिवळ्याला तपासून घ्यायचं, आणि लालला दारातूनच परत पाठवायचं. निवडीनं क्षणात उत्तर दिलं. संग्राम चौगुले, योग्य. उज्ज्वला चौगुले, अयोग्य.

संग्राम रातोरात पुण्याहून आला. दारातच मला मिठी मारली. "आक्का, काळजी करू नको. माझं काळीज आईला. ठरलं."

आमच्याकडे यकृताला काळीजच म्हणतात. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा भाऊ मनानं कधीच लहान नव्हता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं त्याला गावानं नको नको ते बोललेलं आहे.

फोड काढायच्या सकाळी आम्ही सगळे तयारीच्या खोलीत होतो. संग्राम हिरवा झगा घालून बाकावर, आई चाकाच्या खुर्चीत, मी ट्रॅकसूटमध्ये. कांबळे सिस्टर आल्या. "अंगावर काही ठेवायचं नाही. अंगठी, ताईत, दोरा, सगळं काढा." आणि त्यांनी झगा बाजूला करून संग्रामच्या कमरेचा काळा करगोटा बघितला आणि कात्री काढली.

"कापू नगा!" आई खुर्चीतून जवळजवळ उठलीच. "जित्या मानसाचा करगोटा कापत न्हाईत!"

"मावशी, दोराच आहे."

"तुमच्यासाठी दोरा आसंल. सोडा. गाठ सोडा."

दरवर्षी चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेली की आई त्याच्यासाठी नवा करगोटा आणायची. पुण्याला धाडायची आणि फोनवरून बांधून घ्यायची. मी गुडघ्यावर बसले. गाठ घट्ट रुतली होती. नखानं सुटेना म्हणून शेवटी दातांनी सोडवली. दोरा निघाला तसा संग्रामच्या पोटावर लाल वळ दिसला. काटकुळ्या हातापायांच्या मध्ये एक गोल, ताणलेलं पोट. हे पोट आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. त्याचं लग्न झाल्यावर आई म्हणाली होती, पोराला सुख मानवलं. मामा म्हणाले, जरा अंगानं भरला. पाहुणे पोटावर थाप मारून हसायचे. बारीक माणसाला पोट सुटलं की आमच्याकडे ते कुणाला खटकत नाही, उलट बरं वाटतं.

"भुईला ठेवू नगं," आई मला म्हणाली. "आंगाजवळ ठिव."

माझ्या एका हातात संग्रामचे कपडे होते, दुसऱ्यात पाण्याची बाटली. कपडे आणि बाटली बाकावर टेकवून मी तो दोरा सहज माझ्याच कमरेला गुंडाळला. बेंबीपाशी, जिथं त्याचा होता तिथंच. आणि गाठ मारायला दोन्ही टोकं धरली.

चार बोटं दोरा उरला.

मी पुन्हा ओढून बघितला. श्वास सोडून बघितला. पोट फुगवून बघितलं. तरी दोरा उरतच होता. हिरव्या भावाच्या कमरेचा करगोटा लाल बहिणीच्या कमरेला सैल होत होता.

आई बघत होती. तिचा चेहरा उतरला. मी सिस्टरना म्हणाले, "जरा थांबा," आणि तशीच करगोटा धरून डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

डॉक्टर मुजावरांनी माझ्या कमरेकडे बघितलं आणि खुर्चीतून उठल्या. संग्रामला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. कपाटातून बँडेजच्या पट्टीचं भेंडोळं काढलं. संग्रामला भिंतीशी उभा करून त्याच्या उंचीएवढी पट्टी कापली, मधोमध दुमडली आणि ती त्याच्या कमरेला लावली. टोकं जुळली नाहीत. चार बोटांची फट राहिली. मग तेच माझ्या उंचीच्या पट्टीचं केलं. टोकं जुळली, वर नखभर उरली.

"कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी," त्या म्हणाल्या. "पोटातली चरबी ताडायला ही जुनी, साधी युक्ती आहे. तुमच्या आईंना बघितल्यापासून मला संग्रामरावांची धास्ती होती. बांधा तोच आहे. पण हिरव्याला तपासायची मला परवानगी नाही."

"मग आता?" संग्रामनं विचारलं.

"याला पुरावा म्हणत नाहीत. शंका म्हणतात. शंकेवर निवड थांबत नाही." त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "एक वाट आहे. हिरवा दाता उरलाच नाही, तर एका लाल माणसाला तपासायचा अधिकार मला आहे. एकदाच. गंमत बघा, जुन्या रेषेनं उज्ज्वलाताई पिवळ्या ठरल्या असत्या आणि कधीच तपासून झाल्या असत्या."

"हिरवा दाता उरला नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नकार द्यायचा. पडद्यासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं. दात्याला कधीही नाही म्हणता येतं आणि कारण कुणी विचारत नाही. कारण तुम्ही सांगायचंही नाही. तब्येतीचं कारण दिलंत तर प्रकरण समितीकडे जाईल आणि पात्र दुसऱ्याला जाईल. आणि उज्ज्वलाताईंची तपासणी बिघडली, तर मग आपल्या हातात कुणीच नसेल."

संग्राम माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला होता.

"एका दोऱ्यावरनं? आक्का, एका दोऱ्यावरनं मी सगळ्यांपुढं आईला नाही म्हणू? बाहेर मामा बसलाय. अर्धं गाव आलंय. तुला आयुष्यभर वाटत आलंय की आईनं माझंच केलं. आता हेही तुलाच..."

"संग्या, कानफटात मारीन," मी म्हणाले. "मला वाटत आलंय, खरं हाय. म्हणून काय मी आईच्या जिवावर खेळीन?"

तो भिंतीला टेकला.

"मी तुझ्या हातातनं काय हिसकावत न्हाई. तुझं विरजण चांगलं असतं तर मी तुला खांद्यावर घेऊन आत सोडला असता. माझ्या अंगाची मला खात्री हाय. मी त्याला रोज राबवलंय. तुझ्या अंगाची मला भीती वाटती."

त्यानं पोटावरच्या त्या लाल वळावर हात फिरवला. खूप वेळ फिरवत राहिला. मग नाक पुसलं आणि झग्याची नाडी घट्ट केली.

"चल," म्हणाला.

निवडीचा पडदा बाहेर, नातेवाइकांच्या दालनात होता. तिथं आई होती, मावश्या होत्या, गुऱ्हाळावरची माणसं होती, आणि पुढच्या खुर्चीत पाय पसरून आमचे आप्पामामा. संग्राम पडद्यासमोर उभा राहिला. यंत्रानं विचारलं, दाता तयार आहे का?

"मी संग्राम मारुती चौगुले," तो म्हणाला. "मी नकार देतो."

यंत्रानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला. दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं.

मामा उठलेच. "आरं, जन्म दिला तिनं तुला! तुझ्यासाठी नवस केलं! गुळानं तोलला तुला, आन लिंबाएवढी फोड द्यायला तुझी फाटली व्हय रं?"

संग्रामनं मान खाली घातली नाही. कारणही सांगितलं नाही. मला ओरडून सगळं सांगावंसं वाटत होतं, पण डॉक्टरांनी माझं मनगट धरलं होतं आणि त्या मला आत ओढत होत्या. दार बंद होताना मला आईचा आवाज ऐकू आला, बारीक झालेला, पण तोच.

"आप्पा, गप बस. न्हाई म्हनायला बी काळीज लागतंय."

तपासणीच्या यंत्राच्या बोगद्यात मी पडून होते तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. माझ्या अंगाशीच बोलले. म्हटलं, बाई गं, तुला लोकांनी चाळीस वर्षं हसून घेतलं. म्हैस म्हणाले, ट्रॅक्टर म्हणाले, लाल म्हणाले. मी तुझी कधी लाज धरली नाही. आता तू माझी लाज राख.

बाहेर आले तर डॉक्टर मुजावर पडद्याकडे बघत उभ्या होत्या. पाठमोऱ्या. मला वाटलं संपलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "हे बघा. हे तुमचं यकृत. कडेपासून कडेपर्यंत एकसारखं. चरबीचा ठिपका नाही. महिन्याभरात इतकं स्वच्छ यकृत मी बघितलेलं नाही. तुमचं वजन हाडात आहे, मांडीत आहे, खांद्यात आहे. सगळं कामाचं."

मला अभिमान वाटला. साधा, उघडा अभिमान, शर्यत जिंकल्यावर वाटतो तसला. मी त्या करड्या चित्राकडे बघत राहिले. कुणीतरी पहिल्यांदाच मला आतून बघितलं होतं.

दालनात डॉक्टरांनी सगळं सांगितलं तेव्हा मामा एकदम खालीच बसले. नंतर उठून संग्रामजवळ गेले आणि त्यांनी स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो फेटा आणि हिरवा झगा, असा माझा भाऊ दिवसभर दवाखान्यात हिंडला. त्याला तो काढायचाच नव्हता.

माझी फोड पात्रात गेली. काचेआड गुलाबी पाण्यात ती वाढायला लागली. आईला खुर्चीतून तिथं नेलं की ती काचेला नाक लावून बसायची. "ही माझी पोर," सिस्टरना सांगायची. "ह्यो तिच्या काळजाचा तुकडा." विरजण धरलं. पात्र काठोकाठ भरलं. आणि एका दुपारी ते नवं, तांबूस, सतेज यकृत आईच्या पोटात गेलं, आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्या डोळ्यांची हळद उतरली.

पुढं संग्रामनं पुण्यात रांग लावून स्वतःची तपासणी करून घेतली. यकृताचा तिसरा हिस्सा चरबी. त्याची फोड पात्रात गेली असती तर आई आज नसती. "अजून वेळ आहे," डॉक्टर त्याला म्हणाल्या. "हे परत फिरतं. पण कमानीकडे बघू नका, करगोट्याकडे बघा." आता तो सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढतो आणि मला फोटो पाठवतो. आईनं चैत्रात आणलेला नवा करगोटा त्यानं जुन्यापेक्षा दोन बोटं आत बांधला.

दवाखान्यात सिस्टर लोक आता कंबर मोजायच्या फितीला करगोटाच म्हणतात. डॉक्टर मुजावरांनी खूप भांडून निवडीत ते माप घालायला लावलं. शाळेची कमान मात्र तीच आहे आणि मला अजून लालच दाखवते. मी तिच्याखालून मुद्दाम सावकाश जाते.

आई पायांवर उभी राहिली तशी एके दिवशी मला म्हणाली, "ऐतवारी देवळात ये. नवी साडी नेसून."

गेले तर देवळात तोच तराजू टांगलेला. मोठा, साखळदंडाचा. गुऱ्हाळाची गाडी दाराशी उभी होती आणि संग्राम गुळाचे रवे, त्या मोठाल्या ढेपा, उतरवत होता. घाम निथळत होता त्याचा.

"हे काय?" मी विचारलं.

"नवस," आई म्हणाली. "मी बोललो हुतो. त्या खुर्चीत बसून, तू आत गेल्यावर."

"आई, गुऱ्हाळ रिकामं होईल."

"होऊ दे." तिनं माझा हात धरला. "तवा हसलो हुतो मी. लई वंगाळ हसलो. बस."

मी पारड्यात बसले. पारडं दाणकन जमिनीला टेकलं आणि गावातल्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्याच पोरी, मैदानावरच्या. संग्राम एकेक रवा समोरच्या पारड्यात ठेवत होता आणि प्रत्येक रव्याला मामा ओरडत होते, "आनखी!" मी बसले होते तशीच, ताठ. माझ्या वजनाकडे सगळं गाव टक लावून बघत होतं आणि कुणाच्याही डोळ्यांत दिवा नव्हता, ना हिरवा ना लाल.

पारडी हळूहळू बरोबरीला आली. काटा मधे थांबला. हलगीवाल्यानं काठी उचलली.

"थांब!" आई म्हणाली.

ती गाडीपाशी गेली. स्वतःच्या हातानं गुळाचा एक रवा उचलला. डॉक्टरांनी तिला ओझं उचलायचं नाही असं बजावलं होतं. संग्राम धावला, तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं. पोटाशी धरून तिनं तो रवा तराजूपर्यंत आणला आणि गुळाच्या पारड्यात ठेवला. काटा झुकला. मी वर उचलली गेले.

"मालन, ज्यादा झालं की गं," मामा म्हणाले. "बरुबरी झाली हुती."

"न्हाई झाली," आई म्हणाली. तिनं आपल्या पोटावर, टाक्यांच्या जागी हात ठेवला. "तिचं हितलं मोजायचं ऱ्हायलं हुतं."

मग तिनं हलगीवाल्याला मान हलवून खूण केली.